कानाची नळी नसलेल्या बाळासाठी हाडावाटे ऐकवणारा पट्टा: खानापूर तालुक्यातील एका घराचा अनुभव

ट्रेचर कॉलिन्स सिंड्रोम या दुर्मीळ जनुकीय विकारासह जन्मलेल्या माझ्या भाचीसाठी आम्ही हाडावाटे ऐकवणारे श्रवणयंत्र घेतले. डोक्याभोवती बांधायच्या मऊ पट्ट्यावर ते बसते आणि बाजारात सॉफ्टबँड या नावाने मिळते. आमच्या घरात सगळे त्याला नुसता ‘पट्टा’ म्हणतात. ती आता भिंतीला धरून चालू लागली आहे आणि पालथी पडायला लागण्याच्या आधीपासून पट्टा तिच्या डोक्यावर आहे, तेव्हा त्याविषयी चार गोष्टी जबाबदारीने लिहिता येतील असे वाटते. निकाल आधीच देऊन टाकतो: यंत्र म्हणून पट्टा उत्तम आहे, किंमत सामान्य घराला दमवणारी आहे, आणि विक्रीनंतरची सेवा, निदान आमच्या बेळगावकडच्या सीमाभागापुरती, यथातथाच आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत, सगळ्यांचे तत्त्व एकच आहे, आणि कोणते यंत्र घ्यायचे हे जाहिरात किंवा अभिप्राय वाचून नव्हे, तर ऑडिओलॉजिस्टसमोर, म्हणजे श्रवणतज्ज्ञासमोर, बाळाच्या डोक्यावर लावून पाहूनच ठरवायचे असते.

ज्यांच्या घरात हे नाव पहिल्यांदाच ऐकू आले असेल त्यांच्यासाठी आधी विकाराविषयी. साधारण ५०,००० जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. लंडनचे नेत्रतज्ज्ञ एडवर्ड ट्रेचर कॉलिन्स यांनी १९०० साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला पडले. गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ज्या पेशींपासून चेहऱ्याची हाडे आणि कान घडतात, त्या पेशी पुरेशा संख्येने टिकत नाहीत. बहुतेक रुग्णांत याचे कारण पाचव्या गुणसूत्रावरील टीसीओएफ१ या जनुकात झालेला बदल हे असते, आणि थोड्या रुग्णांत पीओएलआर१सी, पीओएलआर१डी यांसारख्या दुसऱ्या जनुकांतील बदल. त्यामुळे गालाची हाडे बसकी, खालचा जबडा लहान, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे खाली उतरलेले, खालच्या पापणीला खाच आणि कान अर्धवट घडलेले, असा चेहरा होतो. काही बाळांची तोंडातली टाळू दुभंगलेली असते. जबडा फारच लहान असेल तर जीभ मागे पडून श्वास अडतो आणि पहिले दिवस त्याच काळजीत जातात. आमच्या बाळाचा जबडा त्या मानाने बरा होता. कुशीवर झोपवणे, उभे धरून थोडे थोडे दूध पाजणे आणि दूध पिताना ओठ निळे पडतात का इकडे लक्ष ठेवणे, एवढ्यावर निभावले. बुद्धीवर या विकाराचा सहसा परिणाम होत नाही. हे वाक्य डॉक्टरांनी आक्काला, म्हणजे बाळाच्या आईला, पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते, ते तिला फार उशिरा ऐकायला मिळाले.

सुमारे ६० टक्के रुग्णांत हा बदल आईवडिलांकडून आलेला नसून बाळातच नव्याने झालेला असतो. उरलेल्यांत तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो, आणि ज्याच्यात तो बदल आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. गंमत अशी की एकाच घरात एकाचा चेहरा जवळजवळ नेहमीसारखा आणि दुसऱ्याचा पुष्कळ वेगळा असू शकतो, म्हणून आक्काचे आणि दाजींचे चेहरे, डोळे, कान नीट पाहिले गेले आणि रक्तही तपासले गेले. दोघांत काही निघाले नाही. त्या अहवालाचा वैद्यकीय उपयोग पुढच्या अपत्याच्या दृष्टीने आहेच. पण आमच्याकडे त्याने आणखी एक काम केले. ग्रहणात आक्काने विळीला हात लावला होता का, याची दोन्ही घरांत जी चौकशी चालली होती ती थांबली. आमच्या आज्जीने मात्र अहवाल ऐकून घेतला, मान डोलावली आणि विळीचा विषय पुन्हा काढायचा नाही एवढेच मान्य केले. ग्रहणाविषयीचे तिचे मत तिच्याजवळ शाबूत आहे.

आता ऐकण्याकडे वळतो, कारण पट्ट्याचे मोल त्याशिवाय कळणार नाही. या मुलांत बाहेरचा कान लहान किंवा वेडावाकडा असतो, कानाची नळी अरुंद किंवा पूर्ण बंद असते आणि मधल्या कानातील तीन बारीक हाडे घडलेलीच नसतात किंवा एकमेकांना चिकटलेली असतात. आतला कान, म्हणजे आवाजाचे संदेश मेंदूकडे पाठवणारा भाग, सहसा धड असतो. वाट बंद आहे, घर शाबूत आहे. वाट पूर्ण बंद असली की ऐकण्यात सुमारे ६० डेसिबलपर्यंत तूट येते, आणि समोर बसून केलेले साधे बोलणे तेवढ्याच आवाजाचे असते. म्हणजे हे बाळ ढगांचा गडगडाट ऐकेल, दाराचा धडाका ऐकेल. पण आईचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

ज्या दवाखान्यात बाळंतपण झाले तिथे आम्हाला सांगण्यात आले की मूल मोठे झाले की कानाचे ऑपरेशन करून घ्या, तोवर काही करण्यासारखे नाही. बरगडीच्या कूर्चेतून बाहेरचा कान घडवण्याचे ऑपरेशन साधारण सहाव्या वर्षानंतर, बहुधा त्याहूनही उशिरा करतात, आणि त्याने कान दिसतो, ऐकू येत नाही. बंद नळी उघडण्याची शस्त्रक्रिया वेगळी. ट्रेचर कॉलिन्सच्या मुलांत तिचे निकाल फारसे समाधानकारक नसतात. तोपर्यंत थांबले तर भाषा शिकण्याची वर्षे हातची जातात. जगभर पाळला जाणारा दंडक असा आहे की पहिल्या महिन्याच्या आत श्रवणाची प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपाय सुरू व्हावा. आमचे नशीब एवढेच की गावातल्या आशाताईंनी, म्हणजे आशा आरोग्यसेविकेने, बाळाचे कान पाहून स्वस्थ बसू दिले नाही. २०१३ पासून देशभर चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे आणि अशा बाळांना जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला पाठवायचे असते, हे त्यांना ठाऊक होते.

तपासणीबद्दल पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नवजात बाळाची नेहमीची ओएई चाचणी कानाच्या नळीत बारीक टोक बसवून करतात. नळीच नसेल तर ती चाचणी होऊ शकत नाही, आणि तिच्यावरून ‘बाळ बहिरे आहे’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आपल्याला हवी ती बेरा चाचणी, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी, आणि तीही दोन्ही प्रकारे: हवेतून आवाज देऊन आणि कानामागच्या हाडावर कंपक टेकवून. दुसरा प्रकार सगळीकडे होत नाही, म्हणून नाव नोंदवतानाच ‘हाडावाटे बेरा करता का’ असे स्पष्ट विचारावे. चाचणीला बाळ गाढ झोपलेले लागते. इतर बाळांना झोपेचे औषध देतात, पण श्वासाची वाट आधीच अरुंद असलेल्या बाळाला ते देताना फार जपावे लागते, त्यामुळे आमच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी नैसर्गिक झोपेतच चाचणी करायचे ठरवले. खानापूर ते बेळगाव बसच्या सगळ्या प्रवासात आज्जी बाळाच्या तळपायांना गुदगुल्या करीत तिला जागी ठेवत होती आणि शेजारच्या बाया आमच्याकडे रागाने बघत होत्या. चाचणीच्या खोलीत पोट भरताच बाळ झोपले. निकालात हवेतून मोठी तूट आली आणि हाडावाटे ऐकणे जवळजवळ नेहमीसारखे निघाले. पट्टा उपयोगी पडेल की नाही, हे या फरकावरूनच ठरते.

यंत्राचे तत्त्व जुने आहे. आवाज हवेतूनच आतल्या कानापर्यंत जावा असे नाही. कवटीचे हाड कंप पावले तरी आतला कान ऐकतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९७७ साली हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूवर असे कंपक प्रथम लावण्यात आले. लहान बाळाची कवटी पातळ असते, तिच्यात स्क्रू धरत नाही. अमेरिकेत त्यासाठी किमान ५ वर्षे वयाची अट आहे. तोवरच्या काळासाठी तेच यंत्र स्क्रूऐवजी पट्ट्याने डोक्याला टेकवून ठेवायचे, एवढीच ही युक्ती.

खोक्यातून जे निघाले ते असे. बोटभर रुंदीचा लवचिक कापडी पट्टा, त्याला लांबी कमी-जास्त करायची सोय, आणि पट्ट्यावर शर्टाच्या मोठ्या गुंडीएवढी प्लॅस्टिकची गोल चकती, जिच्यावर यंत्र ‘टक्’ आवाज करून बसते. यंत्र काडेपेटीहून लहान आणि वजनाला अगदी हलके. त्याला बारीक दोरी आणि टोकाला चिमटा, जो अंगड्याला अडकवायचा; बाळाने पट्टा ओढून काढला तरी यंत्र जमिनीवर पडत नाही. ही दोरी खेळण्यातली वाटते, पण आमच्या मते ती खोक्यातील सर्वांत शहाणी वस्तू आहे. सेलच्या कप्प्याला कुलूप आहे आणि ते नसलेले यंत्र लहान मुलासाठी कोणीही घेऊ नये, कारण बटणासारखा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते. याखेरीज एक प्लॅस्टिकचा दांडा येतो, ज्याचा उपयोग माहितीपुस्तिकेत धड समजत नाही. त्याच्या टोकाला यंत्र बसवायचे, स्वतःचे दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करायचे आणि दुसऱ्या कोणी तो दांडा आपल्या कानामागच्या हाडावर टेकवायचा. दाजींनी पहिल्यांदा असे ऐकले तेव्हा आक्का स्वयंपाकघरातून बोलत होती. त्यांनी डोळे विस्फारले, कानातली बोटे काढली, पुन्हा घातली, आणि मग घरातल्या प्रत्येकाला पाळीपाळीने ऐकवले. आता रोज सकाळी यंत्र लावण्याआधी आक्का याच दांड्याने ते तपासते. बाळ ‘आज नीट ऐकू येत नाही’ असे सांगू शकत नाही, म्हणून ही तपासणी टाळू नये.

पट्टा किती घट्ट असावा, यावरच सगळे अवलंबून आहे. सैल असेल तर कंप हाडापर्यंत पोहोचत नाही, आवळला तर कातडी लाल होते. आपले एक बोट पट्ट्याखाली सहज सरकले पाहिजे, हे माप आम्हाला शिकवले गेले. चकती कानामागच्या हाडावर टेकवायची, टाळूच्या मऊ जागेवर कधीही नाही, आणि दिवसातून काही वेळा जागा थोडी बदलायची. बाळाचे डोके भराभर वाढते हे विसरून चालत नाही. तेल-पाण्याच्या दिवशी पट्टा परत लावताना लांबी तपासण्याची सवय चांगली. तेल लावलेल्या डोक्यावर मात्र चकती घसरते आणि तेल यंत्राच्या फटींत जाते. या मुद्द्यावर आज्जी आणि ऑडिओलॉजिस्टबाई यांच्यात बरीच बोलणी होऊन तेल रात्री लावायचे आणि सकाळी डोके धुऊनच पट्टा बांधायचा असा तह झाला.

दुसरा तह टोपड्याबाबत करावा लागला. यंत्राला काहीही घासले की ते शिट्टी मारते. टोपडे, कुंची, शाल, इतकेच काय पण कडेवर घेणाऱ्याचा खांदा लागला तरी शिट्टी येते. बाळ उताणे झोपले की डोक्याखालचे अंथरूण यंत्राला लागते आणि शिट्टी सुरू होते. त्यामुळे मान धरण्याच्या आधीच्या काळात पट्ट्याचा उपयोग बाळ कुणाच्या तरी मांडीवर असतानाच होत असे. पण आमच्या घरात बाळ मांडीवरून खाली क्वचितच उतरले, त्यामुळे तोटा झाला नाही. थंडीत आक्काने टोपड्याला यंत्राच्या जागी भोक पाडून कड शिवून घेतली. कंपनीला एवढी साधी वस्तू अजून सुचलेली नाही.

पावसाळा ही या यंत्राची खरी परीक्षा आहे, आणि खानापूर तालुक्यातील पावसाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. यंत्रातील सेल जस्त आणि हवेतील प्राणवायू यांच्यावर चालतो. वरचा चिकट कागद काढला की हवा आत जाऊन तो सुरू होतो आणि पुन्हा कागद चिकटवून बंद करता येत नाही. दमट हवेत तो लवकर मान टाकतो. रात्री सेल काढून यंत्र ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत ठेवले तरच ते सकाळी ताळ्यावर असते. कापडी पट्टा घामाने आणि लाळेने मळतो, धुवावा लागतो, आणि आषाढ-श्रावणात चुलीच्या वर टांगूनही वेळेवर वाळत नाही. म्हणून खरेदी करतानाच दोन पट्टे घ्यावेत. खोक्यात एकच येतो.

गुण किती आला? कुकरच्या शिट्टीला ती पहिल्याच आठवड्यात दचकली, पण दचकणे म्हणजे ऐकणे शिकणे नव्हे. महत्त्वाचे बदल हळूहळू दिसले. आक्का बोलू लागली की दूध पिणे थांबवून ऐकणे, रडताना हाक ऐकून क्षणभर गप्प होणे, पुढे स्वतःच्या आवाजाशी खेळत ‘बाबाबा’ करणे. शेजारच्या काकूंनी मागून टाळी वाजवली आणि ती वळली तेव्हा त्या ओरडल्या, “आगं बघ की, वळून बघूलालंय पोरगं!” यातली खोच अशी की काकू डावीकडे उभ्या होत्या आणि बाळ वळले उजवीकडे, कारण यंत्र उजव्या बाजूला होते. एका यंत्राने दोन्ही बाजूंचे आतले कान ऐकतात, कारण कवटी एकच आहे. पण आवाज कोणत्या दिशेने आला हे त्यामुळे उमगत नाही. गोठ्यात म्हैस ओरडली तरी आमची बाई यंत्राच्या बाजूलाच मान वळवते. दोन्ही कान बंद असलेल्या मुलाला दोन यंत्रे लावली तर दिशा समजायला मदत होते, असे डॉक्टर सांगतात. आमचा खिसा सध्या एकावर थांबला आहे, आणि भाषा शिकण्याचे काम एकानेही होते.

दुसरी मर्यादा: कातडी आणि केस यांतून जाताना वरच्या पट्टीचे आवाज काहीसे दबतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे त्यांतले. त्यामुळे तिच्याशी जवळ बसून, तोंड दिसेल असे आणि न ओरडता बोलायचे, हे घरातल्या सगळ्यांना शिकावे लागले. ओरडून बोलणे हा आमच्या गावचा स्वभाव असल्याने तो भाग अजून पुरता जमलेला नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीतील डॉल्बीपाशी तिला नेत नाही; ते पट्टा असता-नसता दोन्हीकडून वाईट.

वाचाउपचाराबद्दल चांगले बोलायचे आहे. पट्टा म्हणजे केवळ वाट मोकळी. त्या वाटेने काय चालत जाणार हे घरच्यांच्या हातात असते. बेळगावातील आमच्या थेरपिस्टबाई कानडीभाषक. त्यांच्याकडची चित्रे आणि खेळ कानडी नावांचे. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारले की घरात कोणती भाषा चालते, आणि मराठी म्हटल्यावर त्यांनी निक्षून सांगितले की बाळाशी मराठीतच बोला, आपल्याला जी भाषा सहज येते तीच मुलाला आधी द्या, कानडी अंगणात आपोआप येईल. सीमाभागात राहून भाषेविषयी इतके सरळ बोलणे क्वचितच ऐकायला मिळते. पुढे त्यांनी स्वतःच चित्रांखाली आक्काकडून मराठी शब्द लिहून घेतले. मराठीतील साहित्य हवे असणाऱ्यांनी मुंबईतील, वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेत चौकशी करावी. कर्नाटकात याच कामासाठी म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. जबडा, टाळू आणि चेहऱ्याच्या हाडांच्या पुढील उपचारांसाठी धारवाडच्या एस. डी. एम. दंत महाविद्यालयात स्वतंत्र विभाग आहे, आणि बेळगावकरांना ते अंतर सोयीचे पडते.

बारशापासून लांबणीवर पडलेल्या कान टोचण्याविषयीही इथेच लिहितो, कारण अनेक घरांत हा प्रश्न निघेल. बाळाला मांडीवर घेऊन बसण्याचा मान मामाचा, त्यामुळे विचारणा माझ्याकडेच आली. कानाची जी छोटी पाळी आहे ती टोचू नका, पुढे कान घडवताना तेच कातडे उपयोगी येते, असे शल्यविशारदांनी सांगितले. आज्जीने आणून ठेवलेली सोन्याची डुले आक्काच्या डब्यात आहेत.

आता पैशांचे. यंत्राची किंमत लाखांत जाते. श्रवणयंत्रांवर वस्तू व सेवा कर नाही, एवढाच काय तो दिलासा. कर्नाटकची आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजना आणि महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातील ८६५ गावांसाठी जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना या दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. पट्टा दुकानातून विकत घ्यायची वस्तू असल्याने आम्ही तो पदरमोड, पतपेढीचे कर्ज आणि आक्काच्या दोन बांगड्या यांवर घेतला. एवढी रक्कम जमणार नसेल तर बाळाला बिनआवाजाचे ठेवू नये. साध्या, खिशात ठेवायच्या श्रवणयंत्राला हाडावर टेकणारे कंपक जोडून देतात. ते दिसायला ओबडधोबड, वायर लोंबणारे आणि आवाजाला कमी स्वच्छ असते, पण किंमत कितीतरी कमी असते आणि बोलणे मेंदूपर्यंत पोहोचवण्याचे काम करते. आम्ही आधी काही काळ तसलेच वापरले. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, लवकर काढावे, पुढे सवलतींसाठी ते लागतेच.

तक्रार विक्रेत्याविषयी आहे. विक्री होईपर्यंत त्याचा माणूस बेळगावात येऊन जात होता, गोड बोलत होता, बाळासाठी खुळखुळाही घेऊन आला. पहिल्या पावसाळ्यात यंत्र अधूनमधून बंद पडू लागले तेव्हा फोन उचलणे बंद झाले. शेवटी यंत्र दुरुस्तीसाठी बंगळूरला पाठवले गेले आणि त्या सगळ्या काळात बदली यंत्र मिळाले नाही. मोठ्या माणसाचे श्रवणयंत्र आठवडाभर नसले तर गैरसोय होते; ज्या वयात मूल रोज नवे आवाज गोळा करते त्या वयात ते आठवडे भरून निघत नाहीत, हे त्या दुकानात कुणाला समजावता आले नाही. आम्ही कपाटातले जुने वायरवाले यंत्र बाहेर काढले, म्हणून बरे. दुसरे असे की हमीची मुदत पावतीच्या तारखेपासून धरली गेली, प्रत्यक्षात यंत्र बाळाच्या डोक्यावर लागले ते बऱ्याच दिवसांनी. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. आक्का दहावी झालेली आहे, तिला त्यातले सेल बदलण्याचे पानही माझ्याकडून वाचून घ्यावे लागले.

म्हणून घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी चार गोष्टी पावतीवरच लिहून घ्याव्यात: हमी यंत्र लावल्याच्या दिवसापासून, दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र, दुसरा पट्टा त्याच किमतीत, आणि बेळगावातच ऑडिओलॉजिस्टकडून यंत्र जुळवून देण्याची सोय. विक्रेता ‘तोंडी शब्द आहे’ म्हणाला तर दुसरा विक्रेता बघावा. शक्य असेल तिथे काही दिवस घरी वापरून पाहण्यासाठी यंत्र मागावे. आमच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी ते मिळवून दिले होते आणि खरेदीचा निर्णय त्या दिवसांवरच झाला.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. ज्या बाळाचा आतला कानही अधू आहे त्याला हा पट्टा पुरेसा पडणार नाही. हाडावाटे ऐकण्याची पातळी साधारण ४५ डेसिबलपर्यंत असेल तर नेहमीची यंत्रे उपयोगी पडतात. त्यापुढे अधिक ताकदीचे यंत्र लागते किंवा वेगळाच मार्ग शोधावा लागतो. हा आकडा हाडावाटे केलेल्या बेरा चाचणीच्या कागदावर असतो. तो कागद विक्रेत्याने पाहायला मागितला नाही, तर त्याच्याकडून यंत्र घेऊ नये.